कोथरूडचा जुना टू बीएचके : पैसे नक्की कशाचे पडतात?

पुण्याच्या कोथरूडमध्ये रीसेलला येणारा माल साधारण ठरलेला आहे. १९८५ ते १९९५ च्या दरम्यानची इमारत, खाली पार्किंग, वर तीन मजले, लिफ्ट नाही. करारात ८५० चौरस फूट बिल्टअप (भिंतींसह), ओट्याला कडप्पा, पार्किंगला शहाबादी, बाल्कनी केव्हाच ग्रिल लावून खोलीत ओढलेली. डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, भुसारी कॉलनी, आयडियल कॉलनी, कुठेही गेलात तरी नकाशा फार बदलत नाही. किंमत कोटीच्या अलीकडे-पलीकडे. विकणारा म्हणतो, "रीडेव्हलपमेंटला जाणार आहे", आणि या एका वाक्याचे दहा-पंधरा लाख वेगळे लावतो.

फ्लॅट बघायला गेलेलं कुटुंब टाइल्स बघतं, मॉड्युलर किचनचे ड्रॉवर ओढून बघतं, देवघर कुठे बसेल ते ठरवतं. या व्यवहारातली सगळ्यात कमी मोलाची वस्तू नेमकी हीच आहे. मोल आहे ते परिसराला आणि इमारतीखालच्या जमिनीला. परिसर डोळ्यांना दिसतो. जमिनीचा हिशोब मात्र कागदावर असतो, आणि तो मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

परिसराबद्दल फार वाद नाही. किराणा, पोळी-भाजी केंद्र, दवाखाना, पिठाची गिरणी, शिंपी हे सगळं पायी पाच-सात मिनिटांत असलेले भाग पुण्यात आता फार उरलेले नाहीत, त्यात हा आहे. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह हाकेच्या अंतरावर. सकाळी फिरायला म्हातोबाची टेकडी किंवा एआरएआयची. पाणी महापालिकेचं, आणि बावधन-वाघोलीच्या सोसायट्यांमध्ये टँकरचं बिल मेंटेनन्सच्या बिलाला मागे टाकतं तेव्हा याची किंमत कळते. मात्र दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची महापालिकेची पद्धत आहे आणि शुक्रवारी सकाळी दाब कमी असतो. सुतारदऱ्याकडे किंवा चांदणी चौकाकडच्या चढावर घर असेल तर खालच्या टाकीची क्षमता विचारा. माणशी रोजचे १३५ लिटर धरले तर बारा फ्लॅट आणि घरटी चार माणसं यांना दिवसाला साडेसहा हजार लिटर लागतात. खालची टाकी दहा हजारांची नसेल तर गुरुवार जड जातो.

मेट्रोबद्दल जाहिराती जरा सैल बोलतात. वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला, १ ऑगस्ट २०२३ ला गाडी रुबी हॉलपर्यंत गेली आणि मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत. पण ही मार्गिका नळस्टॉपनंतर पौड रस्त्याने वर जाते. आनंदनगर, आयडियल कॉलनी, वनाज या स्टेशनांच्या आसपास घर असेल तर मेट्रो खरोखर दाराशी आहे. कर्वे पुतळा, डहाणूकर कॉलनी किंवा कोथरूड स्टँडजवळ असेल तर स्टेशन गाठायला दीडेक किलोमीटर लागतात, म्हणजे रिक्षा किंवा दुचाकी, आणि दुचाकी काढलीच तर माणूस थेट ऑफिसलाच जातो. वनाज ते चांदणी चौक विस्तार मंजूर झालेला आहे, नळस्टॉप-वारजे-माणिकबाग मार्गिकेलाही मंजुरी आहे. मंजुरी आणि धावणारी गाडी यांच्यातली वर्षं पुणेकरांना नव्याने सांगायला नकोत. भाव मात्र आजच त्या गाडीचा लावला जातो. तो देऊ नये.

हिंजवडीला नोकरी असणाऱ्यांसाठी चांदणी चौकाचा नवा पूल ऑगस्ट २०२३ पासून चालू आहे. त्याने चौकातली कोंडी सुटली, पुढची नाही. घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून निघून त्या पत्त्यावर पोचा आणि गाडी कुठे लावता येते तेही त्याच वेळी बघा. गल्ल्यांमध्ये पी-वन, पी-टू आहे, सम-विषम तारखेला बाजू बदलते, आणि इमारतीतलं पार्किंग हा स्वतंत्र तापाचा विषय आहे. या इमारती बांधल्या तेव्हा घरटी एक स्कूटर धरलेली होती. आता बारा फ्लॅट, सात गाड्या आणि चार जागा असा मामला असतो. "पार्किंग आमच्या नावावर आहे" असं कोणी म्हणालं तर कशाच्या आधारावर ते विचारा. स्टिल्ट (इमारतीखालचं) किंवा उघडं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. वाटप सोसायटी करते. वाटपाचा ठराव किंवा पत्र नसेल तर तुम्हाला मिळते ती पार्किंगची जागा नव्हे, फक्त शेजाऱ्याचा चांगुलपणा.

आता प्रत्यक्ष फ्लॅट. पहिली गोष्ट मोजमाप. दलाल बिल्टअपवर दर सांगतो, नवा बिल्डर रेरा कायद्याच्या नियमाने कार्पेटवर, म्हणजे घरातल्या वापराच्या जागेवर. ८५० बिल्टअपच्या जुन्या फ्लॅटमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावली की कार्पेट ७०० च्या आसपास निघतं, कारण बाहेरच्या भिंती नऊ इंची आहेत. एक कोटी दहा लाखांना तो बिल्टअपवर १२,९४१ रुपये फूट पडतो आणि कार्पेटवर १५,७१४. शेजारच्या नव्या इमारतीशी तुलना करायची असेल तर ती दुसऱ्या आकड्याची करायची. ओढून घेतलेली बाल्कनी मंजूर नकाशात खोली म्हणून दाखवलेली नसते. ती बघायला छान आहे, पण पुनर्विकासात तिचं क्षेत्र खोली म्हणून धरलं जाईल हे गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट ओल. बाथरूमची खरी तपासणी त्या बाथरूममध्ये होत नाही, खालच्या मजल्यावर होते. या काळातल्या बाथरूममध्ये खाली घेतलेला स्लॅब, त्यात विटांच्या तुकड्यांची भर आणि बिडाची नहाणी असते. नहाणीचा सांधा सुटला की पाणी भरावात मुरतं, तिथे महिनोन्‌महिने साचतं आणि मग खालच्याच्या छताला पिवळा नकाशा उमटतो. वरच्या घरात काहीच दिसत नाही. म्हणून सरळ खालच्या फ्लॅटची बेल वाजवा, ओळख सांगा आणि बाथरूमचं छत बघू द्या म्हणून विचारा. कोथरूडमध्ये लोक दाखवतात, आणि छताबरोबर गेल्या सहा वर्षांचा इतिहासही ऐकवतात. तोही ऐका, कारण आतल्या नळ-नहाणीची गळती त्या सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते आणि फ्लॅट घेतलात की ते भांडण तुमच्या नावावर चढतं. शंका असेल तर नहाणी बोळ्याने बंद करून दोन इंच पाणी भरून चोवीस तास ठेवायला सांगा. दुरुस्ती म्हणजे फरशी आणि भराव पूर्ण उकरून नवं वॉटरप्रूफिंग. वरून पांढरं सिमेंट भरून हे थांबत नाही. दोन्ही बाथरूमना मिळून लाखाच्या पुढे सहज जातं आणि दहा-बारा दिवस घर वापरता येत नाही.

वरच्या मजल्यावर गच्चीची गळती आली. ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाची, पण सोसायटीकडे निधी किती आहे हा खरा प्रश्न. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) पाव टक्का, असं उपविधी सांगतात. बांधकाम खर्च १९८८ चा, त्यामुळे त्यावरचे टक्केही १९८८ चेच. शेवटच्या दोन वर्षांचे ताळेबंद मागा. बारा सभासदांच्या सोसायटीत दोन-तीन लाख पडून असतील तर गच्चीचा कोबा वर्गणीतूनच होणार.

पश्चिमेची भिंत जुलै-ऑगस्टमध्ये बघितलेली बरी. फ्लॅट मार्चमध्ये, ताजा रंग दिलेला दाखवतात, त्याला कारण असतं. कपाटामागे हात फिरवा, स्विचबोर्डच्या खालचा रंग फुगलाय का बघा. मग पार्किंगमध्ये उतरून खांब बघा. आडव्या केसासारख्या भेगा बहुधा प्लास्टरच्या असतात. उभ्या, गजाच्या रेषेत गेलेल्या भेगा म्हणजे आतलं लोखंड गंजून फुगतंय. काठीने ठोकून बघितलं की पोकळ आवाज येतो. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. त्याचा अहवाल मागितल्यावर "आमची बिल्डिंग मजबूत आहे हो" एवढंच उत्तर आलं तर अहवाल नाही असं समजा.

प्लंबिंगसाठी दोन नळ एकदम सोडून बघा. जीआय पाइप आतून गंजून बोटाएवढे उरलेले असतात, स्वयंपाकघरात नळ उघडला की बाथरूमचा मंदावतो. वायरिंगसाठी वीजबिल मागा आणि त्यावरचा मंजूर भार वाचा. दीड-दोन किलोवॉट असेल तर गिझर, एसी आणि इंडक्शन एकत्र चालवायचे बेत बाजूला ठेवा किंवा भार वाढवून घ्या. भार वाढवणं म्हणजे नुसता अर्ज नाही. एसी-गिझरला चार स्क्वेअर एमएमची तार, पॉवर पॉइंटला अडीचची, वेगळं अर्थिंग आणि ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हे सगळं आतून नवं करावं लागतं. थोडक्यात, अशा फ्लॅटमध्ये राहायला जाण्याआधी नळ, विजेच्या तारा आणि बाथरूम ही तीन कामं गृहीत धरूनच भाव बोलायचा. मॉड्युलर किचनचे पैसे विकणाऱ्याने मागितले तर ते त्याला घेऊन जायला सांगा.

इथवरचं सगळं पैशाने दुरुस्त होतं. जमिनीच्या बाबतीत तसं नाही.

आधी हे पाहा की इमारत सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट. पुण्यात दुसरा प्रकार भरपूर आहे आणि गल्लीत उभं राहून दोन्ही सारखेच दिसतात. सोसायटीत भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) असतो आणि जमीन सोसायटीच्या नावावर व्हायला हवी. अपार्टमेंटमध्ये १९७० च्या कायद्याखाली घोषणापत्र नोंदवलेलं असतं आणि प्रत्येकाचं डीड ऑफ अपार्टमेंट होतं, त्यात जमिनीतला अविभक्त वाटा टक्क्यांत लिहिलेला असतो. मधल्या एखाद्या मालकाने डीड केलंच नसेल तर ती साखळी तुम्हाला जोडावी लागते. बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजपर्यंतचा प्रत्येक दस्त आणि त्याची सूची दोन (नोंदणीचा सरकारी उतारा) हवी. मूळ करार हरवलेला असेल तर बँक तिथेच अडते.

सोसायटी असेल तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का हे एका कागदात कळतं. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि नाव वाचा. तीस वर्षांनंतरही तिथे मूळ शेतमालकाचं किंवा बिल्डरचं नाव दिसणं ही कोथरूडमध्ये अगदी नेहमीची गोष्ट आहे. मग जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्याचा) अर्ज करावा लागतो. ते होतं, पण त्याला वेळ लागतो, आणि सोसायटीत ते करणारा एक तरी चिकाटीचा माणूस लागतो. तो नसेल तर "रीडेव्हलपमेंटला जाणार" या वाक्याला काही अर्थ नाही.

आणि कन्व्हेयन्स असलं तरी एक आकडा राहतो, तो म्हणजे समोरच्या रस्त्याची रुंदी. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीबाहेरच्या भागात निवासी एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ १.१०, वर प्रीमियम (महापालिकेला पैसे भरून मिळणारं वाढीव बांधकाम) नाही, टीडीआर (दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. नऊ ते बारा मीटरला प्रीमियम आणि टीडीआर धरून २.००, बारा ते पंधराला २.२५, पंधरा ते चोवीसला २.५०. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर सहा मीटरच्या गल्लीत ११०० चौरस मीटर आणि नऊ मीटरच्या गल्लीत २००० चौरस मीटर, त्यावर अनुषंगिक क्षेत्र (बाल्कनी, जिना अशा जोडजागांचं) वेगळं. जुन्या इमारतीने यातले हजारभर चौरस मीटर आधीच वापरलेले असतात. म्हणजे अरुंद गल्लीत बिल्डरला विकायला जवळपास काही उरत नाही. एकाच कॉलनीत एक इमारत बारा मजली होते आणि मागच्या गल्लीतली तशीच उभी राहते, त्यामागे सभासदांच्या भांडणांपेक्षा बऱ्याचदा हे तीन मीटर असतात. जुन्या इमारतींसाठी नियमावलीत वाढीव क्षेत्राची वेगळी तरतूद आहे, ती आर्किटेक्टकडून लिहून मांडून घ्या, तोंडी नको.

रुंदी मोजायची ती डांबराची नव्हे, आणि तीही फक्त टेपने नव्हे. मंजूर लेआउटमध्ये रस्ता किती दाखवलाय ते पाहा. महापालिकेने सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करण्याचे प्रस्ताव आणलेले आहेत. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जागा द्यायची, त्या बदल्यात टीडीआरचं दार उघडतं. तुमची गल्ली त्यात आहे का आणि प्रस्ताव मंजूर झालाय का, हे बांधकाम विभागात कळतं. टेकडीच्या पायथ्याशी घर असेल तर झोन दाखलाही काढा. टेकडीमाथा-टेकडीउताराची रेघ प्लॉटमधून जात असेल तर वरचे सगळे गुणाकार रद्द.

रस्ता आणि जमीन दोन्ही ठीक असतील तर शेवटच्या वर्षभराची सभेची इतिवृत्तं वाचा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या सभेला दोनतृतीयांश सभासदांची गणपूर्ती आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. प्रकल्प सल्लागार नेमला का, सुसाध्यता (फीजिबिलिटी) अहवाल आला का, निविदा निघाल्या का, विकसन करार नोंदला का, यातली कोणती पायरी झाली त्यावर किंमत ठरायला हवी. नुसत्या चर्चेला शून्य. सल्लागार नेमणं म्हणजे अजून काहीच नाही. करार नोंदलेला आणि बँक हमी घेतलेली असेल तर मात्र विकणारा जास्त मागतोय ते रास्त आहे. तेव्हाही वाढीव कार्पेट किती, भाडं किती महिने आणि किती वाढीने, हे करारातून वाचा, व्हॉट्सॲपवरून नको.

याच हिशोबात एक फट आहे, ती कमी लोकांच्या लक्षात येते. लिफ्ट नाही म्हणून तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट पहिल्यापेक्षा स्वस्त मिळतो. पुनर्विकासात वाटप कार्पेटच्या प्रमाणात होतं, जिन्याच्या पायऱ्या कोणी मोजत नाही. गुडघे चांगले असतील, गच्ची गळत नसेल आणि वरचे कागद पक्के असतील तर या भागातला सगळ्यात हुशारीचा सौदा तिसऱ्या मजल्याचा. कागद पक्के नसतील तर मग रोजच्या पन्नास-पंचावन्न पायऱ्या आणि एप्रिल-मेमधला तापलेला स्लॅब, एवढंच.

पैशांची तयारी किमतीवरून करू नका. एक कोटी दहा लाखांना बँक जास्तीत जास्त ७५ टक्के, म्हणजे साडेब्याऐंशी लाख देते, तेही तिच्या मूल्यांकनात किंमत बसली तर. आणि इमारतीचं वय बघून मुदत कमी केली नाही तर. उरलेले साडेसत्तावीस लाख, मुद्रांक शुल्क सात टक्क्यांनी ७ लाख ७० हजार, नोंदणी ३० हजार, दलाली एक टक्का धरली तरी १ लाख १० हजार, सोसायटीची हस्तांतर फी कमाल २५ हजार. झाले जवळजवळ सदतीस लाख, आणि अजून एकही नळ बदललेला नाही. सोसायटी "देणगी" म्हणून वर काही मागत असेल तर पंचवीस हजारांच्या मर्यादेचं परिपत्रक २००१ पासून आहे, ते दाखवा. खरेदी केवळ महिलेच्या किंवा महिलांच्याच नावावर असेल तर मुद्रांकात एक टक्का सूट, इथे एक लाख दहा हजार. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. किंमत पन्नास लाख किंवा वर असल्याने एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा प्राप्तिकर) तुम्ही कापायचा आणि ठरलेला फॉर्म भरून जमा करायचा. हा विसरला तर व्याज-दंड विकणाऱ्याला नाही, तुम्हाला.

घाई नसेल तर आधी अकरा महिने त्याच गल्लीत भाड्याने राहणं हा सगळ्यात स्वस्त तपास आहे. असा टू बीएचके साधारण पंचवीस ते पस्तीस हजारांत मिळतो. तीस हजार धरा, वर्षाला तीन लाख साठ हजार, म्हणजे किमतीच्या सव्वातीन टक्के. त्याच घराच्या साडेब्याऐंशी लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी साडेएकाहत्तर हजारांच्या पुढे जातो. लिव्ह अँड लायसन्स नोंदवलेलाच हवा, ती जबाबदारी मालकाची. मुद्रांक एकूण भाडं आणि अनामतीवरचं दहा टक्के मानीव व्याज यांच्या पाव टक्का. तीस हजार भाडं, एक लाख अनामत आणि अकरा महिने असतील तर ८५० रुपयांच्या आत बसतं, नोंदणी एक हजार. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटीला मालकाकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त बिनभोगवटा शुल्क घेता येत नाही, ते तुमच्या भाड्यात चढवलेलं नाही ना ते बघा. एमआयटीच्या आसपासच्या रामबाग कॉलनीसारख्या भागात विद्यार्थ्यांमुळे भाडी तेज असतात आणि बॅचलरना नकार देणाऱ्या सोसायट्याही तिथेच जास्त.

टोकन देताना सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भोगवटा पत्र, शेवटची कराची पावती आणि थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र या चार कागदांच्या प्रती हातात हव्यात, आणि "कर्ज नामंजूर झाल्यास टोकन परत" हे वाक्य पावतीवर लेखी हवं. ताबा मिळाल्यावर वीज आणि मिळकतकर दोन्ही आपल्या नावावर करून घ्या. स्वतः राहणार असाल तर महापालिकेकडे पीटी-३ अर्ज भरा. तो भरल्याशिवाय राहत्या घराची ४० टक्के सवलत लागू झालेली आहे असं धरून चालू नका, आधीच्या मालकाने घर भाड्याने दिलेलं असेल तर मुळीच नाही.